हाकेची भाजी

दसरा उलटला की ती रोज सकाळी दारातल्या घागरीला हात लावून बघायची. तळवा नव्हे, हाताची पाठ. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग मान हलवायची आणि आत जाता जाता म्हणायची, "अजून न्हाय आलं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "कोण यायचंय, वहिनी?"

"हिव," ती म्हणाली. "हिव आलं की मग बी टाकतो मी."

थंडीची वाट पाहणारं माणूस आमच्या भागात दुर्मीळ. आम्ही सगळे पावसाची वाट पाहणारे. त्यात बाईमाणूस आणि 'टाकतो' म्हणते, हे आणखी नवल. कोल्हापूरकडं बायका असं बोलतात हे मला पुढं कळलं. पण ही तर कोल्हापूरची नव्हती. तुम्ही तिला एकदा पाहिली असती तरी तुम्हाला कळलं असतं की ही आपल्याकडची नाही.

मी मूळची तुळजापूरची. डी.एड. होऊन मास्तरीण झाले आणि पहिली नेमणूक मिळाली ती भूम तालुक्यात, ईटच्या पुढच्या एका गावात. मोठा दुष्काळ होऊन चार-पाच वर्षं झाली होती. दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला अजून तसेच पडलेले दिसायचे. बुद्धवाड्यात मला एक खोली मिळाली. तिचं दार हिच्या दारासमोर उघडायचं. मधे बैलगाडी जाईल एवढी बोळ. त्यामुळं सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन हिचं आणि हिच्या घागरीचं.

तिला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळं गाव तिला पहाडीन म्हणायचं. बुटकी, गोरी, गालांवर उन्हानं भाजल्यासारखे लालसर चट्टे. सपाट रस्त्यावरसुद्धा ती थोडी पुढं वाकून चालायची, जणू चढ आहे. जम्मूच्या पलीकडं कुठंतरी डोंगरात तिचं गाव होतं. त्या गावाचं नाव तिनं मला अनेकदा सांगितलं, पण तिच्यासारखं ते मला कधी म्हणताच आलं नाही.

तिचा नवरा आमच्या गावचा. फौजेत होता. तिच्या गावाजवळच्या पुलावर त्यांच्या तुकडीचा पहारा असे आणि भाजी-दूध घ्यायला तो तिच्या घरी जात असे. एके दिवशी ती घरात कुणाला न सांगता त्याच्याबरोबर निघाली. जम्मूत लग्न केलं आणि सुट्टीवर येताना तो तिला इकडं घेऊन आला. आईजवळ ठेवली, सुट्टी संपवून परत गेला, आणि त्याच हिवाळ्यात त्याची गाडी बर्फावरून घसरून दरीत गेली. लढाईत नाही, तसंच. दुष्काळ पडला तेव्हा ही नवी विधवा सासूच्या बरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. भाषा येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, माहेरानं नाव टाकलं होतं.

मराठी ती नवऱ्याकडून शिकली होती, म्हणून पुरुषासारखी बोलायची. 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी थकलो'. शाळेतली पोरं तिच्या मागं मागं फिरून तिच्यासारखं बोलून दाखवायची. मी मास्तरीण. मला राहवलं नाही. एकदा आम्ही दोघी ओट्यावर बसलो असताना म्हटलं, "वहिनी, आलो न्हाय, आले म्हणायचं."

ती हसली. "आले," म्हणाली.

आतून तिची सासू बाहेर आली. म्हातारी उंच, काळी, वाळलेल्या बाभळीसारखी ताठ. हातातलं सूप खाली ठेवून मला म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हायसा. पर एक ऐका माजं. तिला तसंच बोलू द्या. तिच्या तोंडून माजा ल्योक बोलतो."

पुन्हा मी तो विषय काढला नाही.

त्या वर्षी हिव आलं ते दिवाळीच्या नंतर. एका सकाळी तिनं घागरीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "आलं!" ती इतक्या जोरात म्हणाली की मी केस विंचरता विंचरता बाहेर आले. तिनं कनवटीची एक कापडी पुरचुंडी काढली. आत मोहरीसारखं काळं बारीक बी. घर सोडताना तिनं एवढं एकच बरोबर आणलं होतं. भांडी घासायच्या दगडाचं पाणी ज्या वाफ्यात जिरायचं तिथं तिनं चिमूटभर बी टाकलं, वर राखमिश्रित माती भुरभुरली आणि कोंबड्या येऊ नयेत म्हणून बोरीची फांदी आडवी लावली.

महिना-दीड महिन्यात वाफा भरला. कोबीच्या जातीचंच झाड, पण गड्डा धरत नाही. नुसती पानं, रुंद, जाड, निळसर हिरवी. पाणी टाकलं तर पानावर थेंब ठरत नाही, पाऱ्यासारखा घरंगळतो. खालची पानं तोडत जायची, वर नवी येत राहतात.

"काय म्हणतात ह्याला?" मी विचारलं.

"हाक."

म्हातारी जात्यावरून म्हणाली, "आमच्याकडं हाक मारत्यात. हिच्याकडं शिजिवत्यात."

तिचं शिजवणंही ऐकण्यासारखं होतं. माहेरी मोहरीच्या तेलात करायचे, इथं करडईचं तेल. तेल कडकडीत तापवायचं, त्यात हिंग, दोन सुक्या मिरच्या, आणि लगेच पाणी. पाण्याला उकळी आली की अख्खी पानं देठासकट आत सोडायची. मीठ. झाकण नाही. झाकलं की पान काळं पडतं. ना लसूण, ना हळद, ना शेंगदाण्याचा कूट. शिजून आलं की हिरव्या पाण्यात हिरवी पानं. भाताबरोबर खायची ती भाजी. पण भात आमच्याकडं सणासुदीला. म्हणून ती ज्वारीची भाकरी त्या पाण्यात कुस्करायची आणि डोळे मिटून खायची.

म्हातारीला ते मुळीच मान्य नव्हतं. "ह्याला भाजी म्हणायचं? पाला न्हाऊन आल्यासारका दिसतोय." ती आपल्या वाट्याची पानं बाजूला काढून, लसूण-मिरची ठेचून, वर कूट घालून चरचरीत परतायची. त्यामुळं त्या घरात हिवाळाभर एकाच भाजीची दोन भांडी असत. मला दोन्हींतली वाटी यायची. खरं सांगते, मला म्हातारीची आवडायची. हिची भाजी खाताना कुणाच्या तरी घरी पाहुणं गेल्यासारखं वाटायचं. चव चांगली, पण आपली नाही. मग मनात यायचं, हिला इथं रोज प्रत्येक घासाला असंच वाटत असेल.

एक अडचण होती. त्या झाडाला बी धरत नव्हतं. आमची मेथी, करडई, हरभरा, ऊन तापलं की फुलून मोकळी होतात. हाक फुलायची नाही. चैत्र आला की पानं कडू व्हायची, मावा पडायचा, झाडं वाळून जायची. फूल नाही, शेंग नाही. पुरचुंडीतलं बी दर वर्षी तेवढं कमी होत होतं.

"त्याला बर्फ पायजे," ती म्हणायची. "बर्फ पडला की त्याला कळतं, एक साल झाला. मग ते फुलतं. इथं त्याला कळतच न्हाय."

दुसऱ्या वर्षी तिनं उरलेलं सगळं बी टाकलं. जुनं झालेलं बी, उगवली फक्त तीन रोपं. एक शेजारच्या शेळीनं खाल्लं. एक माव्यानं गेलं. ती रोज सकाळी राख उधळायची, तरी गेलं. एक राहिलं.

त्या एकासाठी तिनं काय काय केलं म्हणून सांगू! उन्हाळ्यात हापशाला तासभर नंबर लागायचा, तेव्हा ती भाजी धुतलेलं, हात धुतलेलं, स्वतः तोंड धुतलेलं पाणीसुद्धा त्याच्या बुडाशी जाईल अशी वाकून बसायची. चार काठ्या रोवून वर ओलं पोतं टाकायची. त्याचं पान तोडणं तिनं बंदच केलं. झाड जगलं. पानं खालून गळत गेली, वर येत गेली, आणि वर्षभरात ते एका उघड्या काठीवर पानांचा तुरा अशा विचित्र रूपात तिच्या खांद्याएवढं झालं. वाऱ्यानं मोडू नये म्हणून तिनं त्याला तुराट्यांच्या आधारानं बांधलं. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, हे काय लावलंय.

हापशावर बायका बोलायच्या. एकदा एकीनं म्हातारीला ऐकू जाईल असं म्हटलं, "मालकिणीवाणीच झाड. ना फूल, ना फळ."

म्हातारीनं कळशी खाली ठेवली. "माजा ल्योक एक महिना नांदला हिच्यासंगं. तुमी वीस वरसं नांदताय. तुमच्या पोरांनी काय दिवे लावले ते सांगा." आणि कळशी उचलून चालू लागली. सून मागून पुढं वाकून चाललेली. त्या दोघींना पाठमोऱ्या पाहिलं की मला आपल्या आईची आठवण यायची आणि मी त्या शनिवारी हमखास तुळजापूरची एसटी धरायची.

याच सुमारास गावात दूध सोसायटी निघाली. दुष्काळानं माणसं शेतीवरून उठली होती, त्यांना म्हशींचा आधार वाटू लागला होता. सोसायटीचे सेक्रेटरी एक लिंगायत गृहस्थ होते. गावातलं किराणा दुकानही त्यांचंच. त्यांना सगळे अप्पा म्हणत. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दर वाक्याला 'शिवा शिवा'. त्यांनी पहाडीनला कॅन धुवायचं काम दिलं. त्यावरून दोन-चार सभासद कुरकुरले. का, ते तुम्हाला सांगायला नको. अप्पा म्हणाले, "कॅन ती धुती म्हणून नको असंल, तर दूध घरला परत न्या. जबरदस्ती न्हाय." कुणी नेलं नाही.

उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून भूमच्या केंद्रातून रिकाम्या कॅनमधे घालून बर्फ येई. उरलेला बर्फ सोसायटीच्या मागं ओतून देत. तो तिनं पाहिला. उन्हाळाभर काही बोलली नाही. हिवाळा लागला, आणि एके संध्याकाळी ती अप्पांसमोर जाऊन उभी राहिली. मी तिथं दूध घ्यायला गेले होते.

"अप्पा, बर्फ आणा."

"आता? शिवा शिवा! अहो, थंडीत दूध नासत न्हाय."

"दुधाला नगं. झाडाला."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "अप्पा, तिच्याकडं ती झाडं बर्फ पडल्याशिवाय फुलत नाहीत."

"बर्फानं झाड जळतंय बाई."

"आमच्याकडं जळत न्हाय," ती म्हणाली. "झोपतं. मग उठतं."

अप्पांनी हातातली वही मिटली. मग दूध न्यायला आलेल्या गाडीवाल्याला म्हणाले, "उद्यापासून येताना एका कॅनमधे बर्फ टाकून आणत जा. केंद्रावर विचारलं तर माझं नाव सांग."

दुसऱ्या दिवशी ती पोत्यात गुंडाळून बर्फ घरी घेऊन आली. म्हातारी चुलीपुढं भाकरी थापत होती. नजर अधू झालेली, पण कान तिखट. पाणी ठिबकल्याचा आवाज आला तशी म्हणाली, "काय आणलंस?"

"बर्फ."

म्हातारीचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं ती उलटली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "भाईर ने."

"आत्या, झाडाला..."

"भाईर ने म्हन्ते ना! त्यानं माजा ल्योक गिळला. आन् तू त्योच घरात आणतीस?"

तिनं पोतं उचललं आणि बोळीत नेऊन ठेवलं. त्या रात्रीच्या थंडीत त्यातला बर्फ हळूहळू वितळत राहिला. सकाळी बोळीत नुसता ओला डाग होता आणि एक कुत्रं तिथं हुंगत होतं. पुढचे काही दिवस गाडीवाला बर्फ आणायचा आणि ती तो सोसायटीच्या मागंच ओतून यायची. घरी दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एवढ्याशा घरात, एका चुलीवर, न बोलता. माझ्या खोलीत ते न बोलणं ऐकू यायचं.

एका दुपारी म्हातारी भिंत चाचपत माझ्या दारात आली. आत बसली. पाणी प्याली.

"बाई, खरंच त्या झाडाला बर्फ लागतो का वं?"

"मला ठाऊक न्हाय आजी. मी असं काही वाचलेलं न्हाय."

"व्हय का." ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "ती आल्यापून काय मागितलं न्हाय तिनं. लुगडं न्हाय, पैंजण न्हाय. खडी फोडली माज्या संगं. येक शबूद न्हाय. आता मागती तर बर्फ मागती. काय म्हनावं आसल्या करमाला."

त्या संध्याकाळी तिनं सुनेला सांगितलं, "आण तुजा बर्फ. पर माज्यासमूर बांद. मला बगू दे कसा आसतो."

मीही गेले. दिवस मावळायच्या बेताला होता. पहाडीननं पोतं उघडलं. बर्फाची लादी नव्हती ती, फुटके तुकडे, काही मुठीएवढे, काही नारळाएवढे. म्हातारी उकिडवी बसली. तिनं आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. हात पुढं केला, बोटं टेकवली, चटका बसल्यासारखी मागं घेतली. पुन्हा टेकवली. या वेळी काढली नाही.

"येवढा गार?" ती म्हणाली.

वितळलेलं पाणी तिच्या बोटांवरून ओघळत होतं.

"माजं लेकरू ह्याच्यात व्हतं?"

पहाडीननं तिचा हात बर्फावरून उचलला, आपल्या पदरात घेतला आणि कोरडा करत राहिली. कोरडा झाला तरी करत राहिली. मी उठून माझ्या खोलीत आले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बर्फ बांधण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बुडाशी काही तुकडे, आणि शेंड्याभोवती तुराट्यांच्या आधारानं गोणपाटाची झोळी करून तिच्यात काही. वाड्यातली पोरं जमायची. त्यांना एकेक तुकडा चोखायला मिळायचा. पोरं तिच्यामागं तिच्यासारखं बोलायची ती याच हिवाळ्यात थांबली. बर्फ देणाऱ्या बाईची नक्कल कोण करणार! म्हातारी ओट्यावर बसून विचारायची, "शेंड्याला लावलास का? नीट लाव. पडंल."

त्या वर्षी थंडीही जबर पडली. सकाळी तोंडातून वाफा निघायच्या, गुरं उन्हात येऊन उभी राहायची. म्हणून ते झाड बर्फानं फुललं की थंडीनं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण संक्रांतीनंतर शेंड्याची पानं बारीक होऊ लागली, मधून एक दांडा वर सरकला, आणि त्यावर कळ्या दिसल्या. मग एका सकाळी पिवळी फुलं. चार पाकळ्यांची, साधी, मोहरीसारखी. तुम्ही पाहिली असती तर म्हणाला असता, एवढ्यासाठी एवढं?

ती ओरडली नाही, हसली नाही. झाडासमोर जमिनीवर बसली आणि रडली. मोठ्यानं रडली. नवरा गेल्याची तार आली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती, असं म्हातारीनं मला मागून सांगितलं. म्हातारीला फुलं नीट दिसत नव्हती. तिनं दांडा हातानं चाचपला, एकेक फूल बोटानं मोजल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "आलं बग. कळलं त्याला."

अप्पा पाहायला आले. हापशावरच्या बायका आल्या. ज्या बाईनं टोमणा मारला होता तीही आली, आणि बी आलं की दोन दाणे मला दे म्हणून सांगून गेली. पहाडीन सगळ्यांना चहा करत होती. तिच्या घरी एवढी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होते.

फुलं गळली. शेंगा आल्या. बारीक, लांबट, हिरव्या. ती त्यांना हात लावू देत नव्हती. होळी झाली, ऊन तापलं, शेंगा पिवळ्या पडल्या, करकरीत वाळल्या. मग एका रविवारी तिनं जमिनीवर पांढरं धडपं अंथरलं, दांडा कापून त्यावर ठेवला आणि नखानं पहिली शेंग उकलली.

आत काही नव्हतं. मधला पातळ पडदा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धुळीच्या कणासारखं काहीतरी.

दुसरी उकलली. तिसरी. ती एकेक शेंग उकलत गेली. घाई नाही. मी म्हटलं, "वहिनी, राहू द्या." तिनं ऐकलं नाही. सगळ्या संपेपर्यंत उकलल्या. मग टरफलं ओंजळीत गोळा केली आणि कोंबड्यांपुढं टाकली. एका कोंबडीनं चोच मारली आणि सोडून दिलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी शेतकी खात्यातल्या एका शेजाऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, त्या जातीचं एकटं झाड स्वतःच्या फुलांवर सहसा बी धरत नाही. जवळ दुसरं लागतं. मी बरं म्हटलं आणि दुसरा विषय काढला.

झाडावर दांड्याच्या बुडाशी अजून काही कोवळी पानं होती. ती तिनं त्याच दिवशी तोडली आणि सासूपुढं ठेवली. "आत्या, तुमी करा. तुमच्यावाणी. लसूण टाका."

म्हातारीनं चूल पेटवली. तेल तापवलं, हिंग टाकला, दोन सुक्या मिरच्या, आणि वर पाणी. लसणाकडं हातच नेला नाही. पानं अख्खी सोडली, झाकण ठेवलं नाही. इतकी वर्षं नाकं मुरडत ती सगळं पाहत आली होती. आम्ही तिघी जेवलो. हिरव्या पाण्यात भाकरी कुस्करून. म्हातारीनं ताट पुसून खाल्लं आणि म्हणाली, "वाईट न्हाय. दात नसल्यावर चांगलंय."

पहाडीन हसली. ते तिचं हसणं मी शेवटचं पाहिलं असं नाही म्हणत, पण तसं पुन्हा नाही.

पुढच्या पावसाळ्यात म्हातारी गेली. चार दिवसांचा ताप, बस्स. मातीला सगळा वाडा आला, अप्पाही आले. तेरा-चौदा दिवस घरात माणसं होती. मग नव्हती. ती सकाळी कॅन धुवायला जायची, संध्याकाळी जायची, मधे ओट्यावर बसायची. कुणी बोललं तर बोलायची. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती दोन माणसांचा स्वयंपाक करत होती. उरलेली भाकरी मला आणून द्यायची, आणि मी ती घ्यायची.

शेवटी अप्पांनी आणि मी तिला सांगितलं, माहेरी जाऊन ये. एवढी वर्षं झाली. राग काय जन्मभर राहतो? ती आधी नाही म्हणाली. मग एक दिवस आपणच पत्र्याची पेटी काढून पुसायला लागली. आम्ही तिला सोलापूरच्या एसटीत बसवलं. पुढं रेल्वेनं दिल्ली, तिथून जम्मू, मग परत बस, मग पायी. मी म्हटलं, "परत याल का वहिनी?"

"मला काय ठाऊक," ती म्हणाली.

मला मनातून वाटत होतं, ती येणार नाही. आणि येऊ नये असंही वाटत होतं. तिचं तिला मिळावं. तिच्या दाराला कुलूप आणि माझं दार त्या कुलपासमोर. मी सकाळी उठून त्या घरापुढं झाडू मारायची, उगाच.

ती आली. मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर आली. भर दुपारी बोळीत पेटी टेकवून कुलूप उघडत होती. मी धावत गेले. हातपाय धुऊन झाल्यावर ती ओट्यावर बसली आणि मी विचारायच्या आधीच बोलू लागली.

"भाऊ गेला. आई तर आधीच गेलेली. भावजय हाय. भाचे हाईत, मोठे झाल्यात. कुणी ओळखलं न्हाय. भावजयीनं ओळखलं. चांगली वागली. पोटभर खाऊ घातलं."

"मग?"

"तोंडात शबूद येईनात. मी काय बोलाय गेलो की मराठीच यायचं. पोरं हसायची. दखनी म्हणायची मला. दखनी बुआ, म्हंजे आत्या." ती थोडी थांबली. "आन् थंडी, बाई. सोसंना. रात रात झोप न्हाय. सगळ्यांनी इचारलं, तू हितलीच ना?"

"हाक खाल्लीत?"

"रोज. दारात ह्ये येवढा वाफा. सगळा डोंगर पिवळा होतो फुलल्यावर."

मी तिच्या पेटीकडं पाहिलं. ती समजली.

"आणलं न्हाय," ती म्हणाली. "भावजयीनं ह्येवढी पिशवी भरून दिली. सोबत न्हाय आणली. तिथंच ठिवली, खिडकीत."

"का हो वहिनी? आता तर भरपूर लावता आलं असतं."

ती वाफ्याच्या जागेकडं पाहत होती. तिथं आता नुसती कडक झालेली माती होती. "नगं," ती म्हणाली. "तिथं त्याला सगळं कळतं. कवा झोपायचं, कवा उठायचं. हितं आणून काय करू? जिवंत राहतं फकस्त."

तिनं पेटीतून माझ्यासाठी आणलेले अक्रोड काढून दिले आणि संध्याकाळी कॅन धुवायला गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. त्या वर्षी हिव आलं, भूमच्या बाजारातून तिनं करडईची कोवळी भाजी आणली आणि लसूण घालून परतली. सगळ्यांसारखी.

मग माझी बदली झाली. परांडा तालुक्यात, सासरच्या जवळ. लग्न ठरलं होतं. गावात येऊन पाच-सहा वर्षं होत आली होती. ज्या दिवशी निघाले त्या दिवशी माझी वळकटी तिनंच डोक्यावर घेतली आणि फाट्यावर आली. दुपारची वेळ. एसटीचा पत्ता नव्हता. आम्ही कडुनिंबाखाली बसलो. तिनं माझ्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल दोन गोष्टी विचारल्या, त्याचा स्वभाव कसा आहे, आणि त्याची आई आहे का. आहे म्हटल्यावर 'बरं हाय' म्हणाली. मग मी रस्त्याकडं तोंड करून गाडीची वाट पाहू लागले.

गाडी लांबून दिसली तेव्हा मी वळून पाहिलं. ती निंबाच्या बुंध्याला डोकं टेकून झोपली होती. दोन्ही हात मांडीवर उपडे, तोंड थोडं उघडं. इतक्या वर्षांत मी तिला कधी दिवसा झोपलेली पाहिली नव्हती. कपाळावर सावली हलत होती. कंडक्टरनं घंटीच्या दोरीवर हात ठेवून विचारलं, "येताय ना बाई?" मी वळकटी उचलली, आवाज न करता वर चढवली, आणि तिला उठवलं नाही. गाडी निघाली तरी ती तशीच होती. मागच्या काचेतून मी पाहत राहिले, फाटा वळणाआड जाईपर्यंत.